ऑडिटचं पान कोरं

एंटरप्राइझ जावातला ताजा चमत्कार ऐका. ऑडिट चालू आहे, ऑडिट करणारा क्लास चालू आहे, एकेक मेसेज त्याच्या हाताखालून जातो आहे आणि ऑडिटच्या टेबलात एकही ओळ नाही. हिंजवडीत विचारा, खराडीत विचारा, मगरपट्ट्यात विचारा. प्रत्येक टीममध्ये हा क्लास लिहिणारा एक जण असतो आणि तो पास करणारे दोघे असतात.

घडतं एवढंच. कॅफ्कामधून जाणाऱ्या मेसेजची नोंद ठेवायला इंटरसेप्टर लिहितात. डोक्यावर कंपोनंट ठोकतात, फील्डवर ऑटोवायर्ड ठोकतात. टेस्टमध्ये मॉक घालतात, टेस्ट हिरवी होते. मग प्रॉपर्टी फाइलमध्ये त्या क्लासचं नाव लिहितात. फक्त नाव. ते नाव वाचून कॅफ्का स्वतःच रिफ्लेक्शनने ऑब्जेक्ट बनवतो, रिकाम्या कन्स्ट्रक्टरने. स्प्रिंगला या जन्माची खबरच नसते. स्प्रिंगने बनवलेला, सगळं मिळालेला दुसरा ऑब्जेक्ट असतोच, पण तो मेमरीत आरामात बसलेला; त्याला कोणी बोलवत नाही. कामाला जुंपला जातो तो हा, रिकाम्या हाताचा. त्याच्याकडची ऑडिट सर्व्हिस: नल.

लग्नाच्या पंगतीत असं होतं. जो रीतसर पाटावर बसला, त्याच्या पानात मिठापासून जिलबीपर्यंत सगळं न मागता येतं. डिपेंडन्सी इंजेक्शनचं वचन तेच. आपला इंटरसेप्टर मात्र मागच्या दाराने आला आणि स्वतःचं पान मांडून कोपऱ्यात बसला. वाढपी यादीबरहुकूम फिरतो, यादीत हा नाही. मसालेभात पुढून गेला, मठ्ठा पुढून गेला, हा गप्प. शेवटी घास घ्यायला हात घातला तर पान कोरं, म्हणून बोंब मारली. ती बोंब म्हणजे नल पॉइंटर एक्सेप्शन. आता यजमानाने धावत यावं की नाही? नाही. यजमान वहीत लिहितो, 'एक पाहुणा उपाशी', आणि पुढची पंगत बसवतो. अतिशयोक्ती वाटेल, पण इंटरसेप्टरने फेकलेला एक्सेप्शन पकडायचा, लॉगमध्ये लिहायचा आणि मेसेज पुढे सोडायचा, हा कॅफ्काचा जाहीर करार आहे. म्हणून काहीच कोसळत नाही, डॅशबोर्ड हिरवागार राहतो. लॉगमध्ये नोंद पडते ती वॉर्न पातळीची, आणि 'गेटसमोर गाडी लावू नये' या पाटीला टेकवूनच गाडी लावणाऱ्या शहरात वॉर्न वाचणार कोण?

एक दिवस ऑडिटर येतो आणि मग सगळ्यांना जाग येते. अर्धी कंपनी कॉलवर. आर्किटेक्ट घसा खाकरून तोडगा सांगतात: स्टॅटिक होल्डर. म्हणजे अख्खा ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट एका स्टॅटिक फील्डमध्ये टांगून ठेवायचा, ज्याला जे हवं त्याने ते ओरबाडून न्यावं. ज्या ओरबाडण्यातून सुटायला स्प्रिंग घेतलं, तेच करायला आता वेगळा क्लास, वेगळं तिकीट आणि वेगळे स्टोरी पॉइंट. स्प्रिंगची 1.0 आवृत्ती 2004 सालची. इतक्या वर्षांत आपण पुन्हा निघालो त्याच ठिकाणी आलो, तेही स्प्रिंट प्लॅनिंग करून.

खरं तर उत्तर छापील आहे. इंटरसेप्टर कॅफ्काच्या ताब्यात असतात, तिथे नेहमीचं इंजेक्शन चालत नाही, हवा तो बीन कॉन्फिगच्या मॅपमध्ये घालून द्या आणि कॉन्फिगर मेथडमध्ये उचला, असं स्प्रिंगच्या कॅफ्कावरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलं आहे. वाचायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही. पण वाचलं तर कॉल कशाला लावायचा?

माझं खरं भांडण आहे ते इंटरव्ह्यू घेणाऱ्या साहेबांशी. समोर बसलेल्या पोराला विचारायचं काय, तर कन्स्ट्रक्टर इंजेक्शन बरं की सेटर? पोरगं क्लासमध्ये घोकलेलं धडाधड ओकतं, साहेब मान डोलावतात, ऑफर लेटर निघतं. तेच पोरगं रात्री दोन वाजता ऑन-कॉलवर डोळे चोळत लॉग उपसत बसतं, सकाळी वाकडच्या गर्दीतून कसंबसं स्टँडअपला पोचतं आणि तिथे ऐकतं काय, तर 'तुझे बेसिक्स कच्चे आहेत.' अहो, त्याचे कच्चे? त्या क्लासला मंजुरी तुम्ही दिली, प्रॉपर्टी फाइल तुम्ही मर्ज केली, वॉर्नचे अलर्ट 'फार आवाज होतो' म्हणून तुम्हीच बंद केलेत! ऑब्जेक्ट कोण बनवतं याची काळजी करू नका, फ्रेमवर्क बघून घेईल, हे पोराला शिकवलं कोणी? बाहेरची लायब्ररी आली की काळजी करण्यासारखी तेवढी एकच गोष्ट उरते.

तेव्हा साहेब, पुढच्या इंटरव्ह्यूत व्याख्या विचारू नका. 'इथे न्यू कोण म्हणतं?' एवढंच विचारा. पोराला उत्तर आलं नाही तर लगेच नापास करू नका, आधी आपल्याला येतं का ते बघा.