भाऊ येऊन राह्यले

माजरीच्या कोळसा कॉलनीत लॅपटॉप रुसला की लोक भाऊंना फोन करतात. भाऊ वेकोलिच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होते. रिटायर झाले, पण शर्टाच्या खिशातला टेस्टर रिटायर झाला नाही. तो लॅपटॉपला कुठंच लावता येत नाही, तरी तो खिशात नसला तर भाऊंना वायफायचंसुद्धा निदान सुचत नाही.

आल्या आल्या ते कूलरसमोरची खुर्ची धरतात. "सगळ्याच वायफायले लागत नाही, का काहीलेच?" प्रश्न बिनतोड. नागपूरचा इंजिनियरही इथूनच सुरुवात करील. फक्त तो उत्तर ऐकून घेईल.

एकदा शेजारच्या काकूंनी उत्तर दिलंही. लॅपटॉप अमेरिकेतल्या मुलानं पाठवलेला. मोबाईलच्या हॉटस्पॉटला लागतो, वणीला बहिणीच्या घरी लागतो, आपल्याच घरी लागत नाही. यादीत घरच्या वायफायचं नावच येत नाही. फोनवर मात्र तेच नाव ठळक दिसतं.

"मंग दोष घरात आहे," भाऊ म्हणाले. (हे खरं निघालं, पण त्या वेळी काकूंनी देवघराकडे पाहिलं.)

मग उपचार. रिस्टार्ट मारला. नंतर नेटवर्क पुसून नव्यानं जोडायचं ठरलं. पण जे दिसतच नाही ते पुसणार कसं? म्हणून भाऊंनी जे चालू होतं ते हॉटस्पॉट पुसलं. त्याचा पासवर्ड काकूंना आठवेना. आता लॅपटॉप दोन्हीकडे लागत नव्हता. "पाय, आता प्रॉब्लेम सारखा झाला. सारखा झाला का पकडाले सोपा जाते." कोळशाची धूळ, ओपनकास्टचं ब्लास्टिंग, जंक्शनवरून जाणाऱ्या मालगाड्या, सगळ्यांवर आळीपाळीनं आळ आला.

खरा गुन्हेगार होता तेरा नंबरचा चॅनेल. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ ते १३ चॅनेल वापरता येतात. अमेरिकेत व्यवहार ११ वरच थांबतो. तिथल्या बाजारासाठी बनलेल्या कित्येक लॅपटॉपच्या लेखी १२ आणि १३ जगात नसतातच. राऊटर 'ऑटो'वर असला की चालू होताना मोकळा चॅनेल शोधतो. क्वार्टरला क्वार्टर चिकटलेलं, १, ६, ११ वर शेजाऱ्यांची झुंबड. तो बिचारा १३ वर जाऊन बसला.

एवढ्यात लाईन गेली. भाऊंनी घाम पुसत दुसरा चहा घेतला. लाईन आली, राऊटर नव्यानं जागा झाला, या वेळी ६ वर बसला, आणि घरचं नाव यादीत हजर!

"म्हटलं नव्हतं का, पकडतो म्हून?"

ही कीर्ती भद्रावतीपर्यंत गेली. पुढं राऊटर अधूनमधून १३ वर जायचा, भाऊंना बोलावणं यायचं, आणि मेन स्विच बंद-चालू करायचा त्यांचा विधी दर वेळी पावतोच असं नसलं तरी बऱ्याचदा पावायचा.

शेवटी काकूंच्या दहावीतल्या भाचीनं राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन 'ऑटो' काढलं आणि ६ कायम करून टाकला. पाच मिनिटांचं काम. भाऊंना कुणी सांगितलं नाही.

ते अजून संध्याकाळी फाटकाशी थांबतात. "लागून राह्यलं ना?"

"हो भाऊ, एकदम मस्त."

"हं." जरा वेळ उभे राहतात. "प्रिंटर-गिंटर नाही का घेत तुम्ही?"