अर्थ लागेना

आमची गाडी म्हणजे मारुती 800. बाबांनी ती 1997 साली घेतली. ‘आमची’ हा शब्द आईच्या आणि माझ्या समाधानासाठी. गाडी बाबांची होती. सीटवरचं प्लास्टिक त्यांनी सात वर्षं काढलं नव्हतं. मे महिन्यात ते मांडीला असं चिकटायचं, की गाडीतून उतरताना माणूस सोलून निघाल्यासारखा आवाज यायचा. दर रविवारी सकाळी तिला अभिषेक. सोसायटीतल्या एका पोरानं एकदा बॉनेटवर क्रिकेटचा चेंडू मारला, तेव्हा बाबांनी आधी बॉनेट चाचपलं, मग चेंडू चाचपला आणि शेवटी त्या पोराकडे असं पाहिलं, की पुढे तो बुद्धिबळाकडे वळला.

अशा गाडीत अँप्लिफायर बसवायची बुद्धी मला 2004 साली झाली. नवी नोकरी, पहिला पगार. देवापुढे पेढे ठेवले, आईला साडी घेतली आणि बाबांना म्हणून स्वतःला अँप्लिफायर. पुण्यात वीज खाणारी कुठलीही वस्तू घ्यायची तर पाय आपोआप बुधवार पेठेत तपकीर गल्लीकडे वळतात. तिथे एका खोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘800 वॅट’ लिहिलेलं दिसलं. गाडी 800, अँप 800, पत्रिका जुळली!

आता हा जरा फसवाफसवीचा मामला आहे. मारुती 800 चं इंजिन 796 सीसीचं. म्हणजे नावात चार सीसीची थाप. एवढी तर आपण लग्न ठरवताना उंचीतसुद्धा मारतो. अँपचं तसं नाही. त्याच्या कुशीत 25 अँपिअरचा फ्यूज होता. इंजिन चालू असताना गाडीत साधारण 13.8 व्होल्ट असतात. गुणाकार केला तर साडेतीनशे वॅटसुद्धा आत जात नाहीत, आणि जातात त्यातले निम्मे उष्णता होऊन निघून जातात. मग बाहेर 800 कुठून यायचे? खोक्यावर कवी लिहितो आणि फ्यूजवर हिशेबनीस, हे मला फार नंतर कळलं. त्या दिवशी मी कविता विकत घेतली.

बसवायला दुकानाचा पोरगा आला. हातात ड्रिल, कानामागे पेन्सिल. डिकी उघडून त्यानं गालिचा वर केला, पेन्सिलीनं चार फुल्या मारल्या आणि ड्रिल टेकवलं.

“खाली काय आहे?” बाबांनी विचारलं.

“काही नाही, काका. पत्रा.”

“आणि पत्र्याखाली?”

“रस्ता.”

बाबा घरात गेले आणि गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक घेऊन आले. ते त्यांना पाठ होतं, पण पुरावा म्हणून आणलं. पत्रा आणि रस्ता यांच्या मध्ये पेट्रोलची टाकी नावाची एक चीज असते, हे त्यांनी आकृतीवर बोट ठेवून दाखवलं. पोरगा जराही विरघळला नाही. “आपण हजार गाड्या केल्यात, काका,” एवढंच म्हणाला. त्यातल्या किती परत आल्या, हे बाबांनी विचारलं नाही. पण चेहऱ्यावर प्रश्न होता.

मग अँप ठेवायचा कुठे? पुढच्या सीटखाली ठेवला तर पावसाळ्यात छत्रीचं पाणी त्याच्या डोक्यावर. वूफरच्या खोक्यावर स्क्रूनं आवळला तर ते खोकं दिवसभर थरथरणार आणि आतले टाके ढिले होणार; शिवाय वूफर मला परवडलेला नव्हता. डिकीच्या छताला उलटा टांगावा, ही पोरग्याची सूचना. पण उष्णता वर जाते. अँपच्या पाठीवरची ॲल्युमिनियमची पाती खाली केली तर ताप त्याच्याच पोटात. शेवटी बाबांनी माळ्यावरून प्लायवूडची एक फळी काढली. स्वयंपाकघराची कपाटं केली तेव्हा उरलेली, वर तोच सनमायका. ती मागच्या सीटच्या पाठीला बसवली आणि तिच्यावर अँप. तेव्हापासून डिकी उघडली की आमचं स्वयंपाकघर थोडंसं दिसायचं. पण लाकडाचा एक फायदा होता. अँपचं अंग पत्र्याला कुठे शिवत नव्हतं. म्हणजे करंटला जायला-यायला ठरलेल्या तारा सोडून चोरवाट नव्हती. हे शहाणपण आमचं नव्हे, उरलेल्या प्लायचं.

आईला मात्र हा सगळा प्रकार उघडा पडल्यासारखा वाटे. कोकणात जाताना तिनं अँपवर सतरंजी घातली आणि तिला टेकून लाडवांचा डबा लावून ठेवला. ताम्हिणी घाटात गाणं अचानक बंद. अँप तापून स्वतःहून झोपी गेला होता. लाडवांना छान तूप सुटलं होतं.

हे सगळं चालण्यासारखं होतं. न चालण्यासारखी गोष्ट पहिल्याच दिवशी घडली होती. गाडी चालू केली, भीमसेनांची सीडी लावली आणि स्पीकरमधून एक बारीक ‘कुंई’ असा सूर निघाला. ॲक्सिलरेटर दाबला की सूर वर चढायचा, पाय काढला की खाली. गियर बदलला की धपकन घसरून पुन्हा चढायचा. भीमसेन जोशींना गाड्यांचा केवढा शौक होता, हे पुण्यात सर्वांना ठाऊक आहे; पण गाडीनं त्यांना अशी साथ केलेली त्यांनाही चालली नसती.

आमच्या वरच्या मजल्यावर एक पेटीमास्तर राहायचे. त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो, तर डेक्कनपर्यंत ते डोळे मिटून बसले. मग म्हणाले, “मींड उत्तम आहे. पण तुमचे बाबा दुसरा गियर फार लवकर टाकतात. सूर पांढरी पाचपर्यंत येतो आणि तिथेच सोडून देतात.” पेट्रोल वाचवायची सवय हो, मी म्हणालो. “असेल. पण त्यात दोन तानपुरे ऐकू येतायत. एक मिरजेचा आणि एक बॉनेटखालचा. त्यांचं आपसात लागत नाही.”

बॉनेटखालचा म्हणजे अल्टरनेटर. हे त्यांनी नकळत अगदी अचूक सांगितलं होतं. अल्टरनेटर मुळात एसी वीज तयार करतो. डायोड ती सरळ करून डीसी करतात, पण इस्त्री कितीही केली तरी थोड्या चुण्या राहतातच. इंजिन जितकं जोरात फिरेल, तितक्या त्या चुण्या दाट. त्या गाण्यात शिरल्या की ऐकू येतो हा सूर. प्रश्न एवढाच, की त्यांना गाण्यात घेतलं कोणी?

मी दुकानात गेलो. तिथे त्यांनी अडीचशे रुपयांचा फिल्टर दिला. सूर जरा घोगरा झाला, सर्दी झाल्यासारखा. पुन्हा गेलो. डेकमधून अँपकडे गाणं नेणारी जाड, महागडी पिनवाली वायर दिली. सर्दी गेली, सूर स्वच्छ झाला. आता तो मिरजेलाही पसंत पडला असता.

मग काका आले. काकांची उभी हयात वीज मंडळात गेली. मंडळाचं महावितरण व्हायच्या आधी ते निवृत्त झाले आणि त्यामुळे राज्यातल्या पुढच्या सर्व अंधाराची जबाबदारी त्यांच्यावर येत नाही, असं ते मानतात. “अर्थिंग आहे का?” हा त्यांचा पहिला प्रश्न. काकांसाठी अर्थिंग म्हणजे खड्डा. त्यात तांब्याची पट्टी, तिच्याभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर, आणि उन्हाळ्यात वरून बादलीभर पाणी. आमच्या जुन्या वाड्याच्या अर्थिंगला आजी तुळशीबरोबर पाणी घालत असे. काका गाडीभोवती एक फेरी मारून, खाली वाकून म्हणाले, “चार चाकं, चारही रबराची. हिला जमीन ठाऊकच नाही! पेट्रोलच्या टँकरला मागे साखळी असते बघ, रस्त्यावर घासत जाणारी. तशी लाव.”

बाबा विचारात पडले. मला घाम फुटला. लक्ष्मी रोडवरून खणखण साखळी ओढत निघालेली मारुती, आत भीमसेन, वर ‘कुंई’. ती साखळी असते घर्षणानं साठणारी स्थिर वीज रस्त्यात सोडून देण्यासाठी. गाण्याशी तिचा संबंध नाही, हे काकांना समजावताना संध्याकाळ झाली. त्यांना ते अजून पटलेलं नाही.

शेवटी बाबांनीच मला नाना पेठेत नेलं. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांमध्ये एक म्हातारे वायरिंगवाले चाचा फूटपाथवर स्टूल टाकून बसायचे. त्यांनी आधी बॉनेट उघडलं, बॅटरीपासून निघालेली लाल वायर बघितली आणि कपाळाला हात लावला. “फ्यूज कुठंय?”

“अँपवर आहे की!”

“तो अँपचा. वायरीचा कुठंय? मध्ये कुठं घासली, पत्र्याला लागली, तर सगळी बॅटरी वायरीतून जाईल. गाडी पेटल साहेब.” बॅटरीपासून वीतभर अंतरावर त्यांनी पहिल्यांदा फ्यूज बसवला. मग लाल वायर आणि पिनवाली वायर एकाच उंबऱ्याखालून, चिकटपट्टीनं एकमेकींना मिठी मारून नेलेली पाहिली. दोघींना वेगळं केलं. एक डावीकडून, एक उजवीकडून. सूर थोडा उतरला, पण हटला नाही. मग त्यांनी काळ्या वायरीचा माग काढला. ती पट्ट्याच्या बोल्टखाली दाबलेली होती. म्हणजे सीटबेल्टच्या.

“हा जीव वाचवायचा बोल्ट,” चाचा म्हणाले. “इथं दुसरं काय बांधत नाहीत.”

त्यांनी मीटर काढला. एक सुई अँपच्या निगेटिव्हला, दुसरी लांब वायर जोडून बॅटरीच्या निगेटिव्हला. इंजिन चालू, गाणं मोठ्यानं. दोन्ही टोकं निगेटिव्ह, तेव्हा मीटरवर जवळजवळ शून्य यायला हवं. आले दीड व्होल्ट.

“रंगावर अर्थ लागत नाही,” चाचा म्हणाले.

हे वाक्य मी अनेक वर्षं मराठीच्या तासाला वेगळ्या संदर्भात ऐकलं होतं. इथे ते शब्दशः खरं होतं. बॅटरीतून लाल वायरीनं गेलेल्या करंटला परत बॅटरीकडे यावं लागतं, आणि गाडीत तो परत येतो तिच्या अंगातून. सगळा पत्रा हीच परतीची वाट. गाडीवाले त्यालाच अर्थ म्हणतात. जमिनीचा, मिठाचा, कोळशाचा काही संबंध नाही. पण पत्र्यावर असतो रंग, आणि रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांमधून जी काय थोडी धातूला धातू लागत होती, तेवढ्या फटीतून वीस-पंचवीस अँपिअरला परत यायचं होतं. ओहमचा दहावा हिस्सा अडथळा असला, तरी 25 अँपिअरला तिथे अडीच व्होल्ट खाली बसतात. मुख्य दरवाजा अरुंद म्हटल्यावर करंट मागच्या दारानं यायला लागला. पिनवाल्या वायरीच्या जाळीतून डेककडे, आणि डेकमधून बॉडीला. येताना अल्टरनेटरच्या चुण्या बरोबर. गाण्याच्या बैठकीतून चपला घालून चालत जाणारा माणूस म्हणजे आमची ती ‘कुंई’.

“मग काय करायचं?” मी विचारलं.

“एवढा रंग काढायचा,” चाचांनी खिशातून रुपयाचं नाणं काढून दाखवलं.

मी बाबांकडे बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती. फूटपाथवर जरा शांतता पसरली.

“गाडीचा?” बाबा म्हणाले.

“पत्र्याचा, साहेब. मागं, आतल्या बाजूला. गालिच्याखाली. कुणाला दिसत पण नाही.”

“मला माहीत असेल ना.”

आठवडाभर घरात हा विषय निघाला नाही. बाबा रोज ‘कुंई’ ऐकत ऑफिसला जात होते. मला वाटलं, त्यांनी सूर स्वीकारला. मग रविवारी सकाळी अभिषेकानंतर त्यांनी डिकी उघडली. आत चांगला जाड पत्रा शोधला, पलीकडे तार किंवा टाकी नाही ना हे खाली आडवं होऊन पाहिलं. भोवती वर्तमानपत्र लावलं, न्हावी लावतो तसं. रुपयाचं नाणं ठेवून पेन्सिलीनं गोल काढला. आणि पॉलिश पेपरनं तो गोल इतक्या हळुवारपणे घासायला घेतला, की मी लहानपणी गुडघा फोडून आलो की ते असंच डेटॉल लावायचे, ते आठवलं. वर पांढरा रंग होता, खाली करडा, आणि मग चकाकता पत्रा. बाबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. त्या गाडीच्या अंगात पत्रा आहे, हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं असावं.

मग काळ्या वायरीला नवीन थिंबल दाबलं. वायर कापून दीड फुटाच्या आत आणली. परतीची वाट जाड आणि जवळची असावी, असं चाचांनी बजावलं होतं. दातेरी वायसर, बोल्ट, नट. सगळं आवळल्यावर वरून ग्रीसचा लेप, गंजू नये म्हणून. मी मीटर लावला. दशांश एक व्होल्ट.

बाबांनी गाडी चालू केली. गाणं लावायच्या आधी नुसताच ॲक्सिलरेटर दाबला. एकदा, दोनदा. स्पीकर गप्प. मास्तर गॅलरीतून वाकून म्हणाले, “काय हो, आज तानपुरा बंद?”

त्यानंतर आठ वर्षं गाडी आमच्याकडे होती. दर रविवारी धुवून झाली की बाबा डिकीतला गालिचा उचलून तो ठिपका बघायचे, गंज नाही ना याची खात्री करायचे आणि ग्रीसचं बोट फिरवायचे.

2012 साली गाडी विकायला काढली, तेव्हा एक जोडपं बघायला आलं. बंपरवर चेप होती, ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर एक लांब ओरखडा होता, एका हेडलाइटची काच तडकली होती. यातलं बाबांनी काही सांगितलं नाही. ते दिसत होतंच. व्यवहार ठरत आला तेव्हा मात्र त्यांनी त्या गृहस्थाला डिकीपाशी नेलं, गालिचा उचलला आणि बोट दाखवलं.

“इथे रुपयाएवढा रंग काढलेला आहे,” ते म्हणाले. “नंतर तुमच्या लक्षात यायला नको, म्हणून आधीच सांगतो.”

त्या माणसानं वाकून पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पुन्हा बाबांकडे पाहिलं.

“बरं,” तो म्हणाला. “टेप चालतो का?”