बाबा नेव्हीत होते, त्याबद्दल

एडिसन, न्यू जर्सी

ती. बाबा,

तुमची नात चिऊ ॲनापोलिसच्या नेव्हल अकादमीसाठी अर्ज करतेय, हे तुमच्या चिरंजीवांनी तुम्हाला फोनवर सांगितलं. म्हणजे सातिवलीपासून तुंगारेश्वर फाट्यापर्यंत ती एव्हाना ॲडमिरल झाली असणार. जरा आवरा. इथे आधी खासदाराचं नामांकन लागतं. आई म्हणतील, म्हणजे वशिलाच की! हो, पण कायद्यातच लिहिलेला. एका खासदाराची त्या अकादमीत एका वेळी पाचच मुलं असू शकतात, म्हणून तो अर्ज मागवतो, मुलाखती ठेवतो, मग नावं पाठवतो. दोन सेनेटरांकडे आणखी वेगळे अर्ज. एवढं करून प्रवेश अकादमीच्याच हातात. त्यापेक्षा आपलं खडकवासला सरळ: यूपीएससीची लेखी द्या, एसएसबीला जा, खासदाराचा संबंध नाही. केंद्रीय विद्यालयात खासदारांच्या दहा-दहा जागा असायच्या, त्यासुद्धा २०२२ साली गेल्या.

तर मुद्दा तुमचा आहे.

खासदाराकडच्या अर्जात विचारलं होतं, घरात कोणी सैन्यदलात होतं का. चिऊने लिहिलं: ‘आजोबा, भारतीय नौदल, १९७१च्या कराची हल्ल्यात सहभाग.’ आणि पाठवून मोकळी. रात्री जेवताना ह्यांनी प्रत वाचली आणि घास हातातच राहिला. ‘अगं, बाबा डॉकयार्डात फिटर होते!’

पोरीची काय चूक? आपल्या घरात, आळीत, लग्नपत्रिकेतसुद्धा तुम्ही ‘नेव्हीत’च होता. वसई रोडहून चर्चगेट, तिथून चालत लायन गेट, एवढा रोजचा प्रवास नेव्हीचाच म्हणायचा. पण बाबा, तुम्ही रुजू झालात १९७४ला. कराचीवर बोटी गेल्या ४ डिसेंबर १९७१ला, तेव्हा तुम्ही आयटीआयमध्ये कानस घासत होता.

चिऊ रडकुंडीला आली. त्या अकादमीचा नियमच असा की खोटं बोलायचं नाही, फसवायचं नाही, चोरायचं नाही. ‘आत जायच्या आधीच बाहेर काढतील,’ म्हणाली. ह्यांनी लगेच यादी केली: प्रतिज्ञापत्र, नोटरी, दोन साक्षीदार, डॉकयार्डाचा शिक्क्यासकट दाखला. रेशनकार्डावर आडनावातली वेलांटी बदलायला ज्याने चपला झिजवल्या, तो माणूस दुसरं काय सुचवणार! चिऊने सरळ खासदाराच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, मुदत अजून संपलेली नाही, बरोबर ओळ ईमेलने पाठव, आम्ही पान बदलतो. झालं. ह्यांचा विश्वासच बसेना. पोच मागा म्हणाले. पोच आली तर तिच्यावर सही नाही म्हणून रात्रभर कूस बदलत राहिले.

गंमत म्हणजे त्या ओळीने तसूभरही फायदा होणार नव्हता. सैनिकांच्या मुलांसाठी राष्ट्राध्यक्षांची वेगळी नामांकनं असतात, पण ती आईवडिलांच्या नोकरीवर आणि तीही इथल्याच सैन्यातल्या. आजोबा कराचीला जाऊन आले काय नि माहीमला काय, सारखंच.

नवी ओळ अशी आहे: ‘आजोबा, फिटर, नेव्हल डॉकयार्ड, मुंबई, आयएनएस विक्रांतच्या बॉयलरची दुरुस्ती.’ मला विचाराल तर हीच जास्त वजनदार आहे. कराचीची गोष्ट तुम्ही सांगायला लागलात की आई स्वयंपाकघरात जातात, पण बॉयलरच्या आत बसून डबा खाल्ल्याची सांगताना त्या दाराशी उभ्या राहतात, हे मी पाहिलंय.

आता मुलाखत होईल आणि तुमच्याविषयी विचारतीलच. म्हणून रविवारी फोनवर चिऊला एकेक गोष्ट खरी की सातिवलीपुरती, हे सांगून टाका. ॲडमिरलने तुमचा सल्ला घेतला, ती आम्ही आधीच बाजूला काढली आहे. आणि हॉलमधल्या फोटोत तुमच्या डोक्यावर जी पांढरी टोपी आहे, ती कोणाची, तेवढं आईंना न विचारता तुम्हीच कळवा.

आपली सून