न झालेल्या कुस्तीचा निकाल

भविष्यकथनाचे जे नानाविध प्रकार आपल्या देशात शतकानुशतके सुखेनैव नांदत आलेले आहेत, त्यांमध्ये जी कुस्ती कधी झाली नाही आणि जी लावणे आता प्रत्यक्ष परमेश्वरालाही अवघड जाईल, तिचा निकाल छातीठोकपणे सांगणे हा प्रकार मला सर्वांत निर्धोक वाटतो. बुलडाण्याकडील भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्यापासून राजाच्या गादीपर्यंत सर्व गोष्टींचे भाकीत वर्तवतात. परंतु त्या बिचाऱ्या भाकिताला पुढे मृग नक्षत्रासमोर जबानी द्यावी लागते. काल्पनिक कुस्तीच्या भविष्यवेत्त्याला असा कोणताही मृग आडवा येत नाही.

आमच्या मालेगावात (वाशीम जिल्ह्यातल्या, नाशिककडील नामबंधूमुळे हा खुलासा आम्हांस जन्मभर करावा लागतो) तहसील कचेरीच्या आवारात सातबाराची नक्कल हाती पडेपर्यंत जो रिकामा काळ प्रत्येक अर्जदाराच्या वाट्याला येतो, त्या काळात हे शास्त्र विशेष भरभराटीस आलेले आहे. तेथे सध्या दाखल असलेला वाद असा: पन्नाशीच्या घरातला गामा आणि सत्ताविसाव्या वर्षीचे गणपतराव आंदळकर हे एकाच हौद्यात समोरासमोर उभे ठाकले, तर पाठीला माती कोणाच्या लागेल? गामा १९६० साली लाहोरास निवर्तला आणि त्याच वर्षी आंदळकर हिंदकेसरी झाले, ही बाब कोणत्याही पक्षाला हरकतीची वाटलेली नाही.

गामाचे वकीलपत्र एका निवृत्त महसुली अधिकाऱ्याने स्वयंस्फूर्तीने घेतले आहे. १९१० साली लंडनला पोलंडचा झिबिस्को अडीच तासांहून अधिक काळ गादीला पोट चिकटवून पडून राहिला, म्हणून ती कुस्ती बरोबरीत सुटली. पुढे जानेवारी १९२८ मध्ये पतियाळाला तोच झिबिस्को पुन्हा समोर आला, तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या गामाने त्याला मिनिट भरण्याच्या आत अस्मान दाखवले, हा त्यांचा मुख्य दाखला. हा दाखला रुजू होताच पोलीस भरतीच्या तयारीतला एक तरुण, जो एरवी ज्येष्ठांपुढे मान वर करीत नाही, तो म्हणाला, "पण काका, थो झिबिस्को बी बुढाच होता नं!" चौकशीअंती ते खरे ठरले. झिबिस्को गामाच्याच जोडीचा, अठ्ठेचाळीस वर्षांचा होता; सबब वृद्धाने वृद्धास पाडले एवढेच शाबित झाले आणि दाखला गैरलागू ठरला.

मग उभय पक्षांनी परदेशी मुष्टियुद्धाच्या दप्तरात हात घातला. तरुणाने १९५१ सालचा जो लुई काढला, ज्याला सदतिसाव्या वर्षी अठ्ठावीस वर्षांच्या मार्सियानोने आठव्या फेरीत दोरांबाहेर लोटले; त्यामागोमाग १९८० सालचा मुहम्मद अली काढला, ज्याला लॅरी होम्सपुढे दहाव्या फेरीनंतर त्याच्याच वस्तादाने उठू दिले नाही. दुसऱ्या बाजूने जॉर्ज फोरमन आला, ज्याने १९९४ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी, नऊ फेऱ्या मुकाट मार खाऊन, दहाव्या फेरीत सव्वीस वर्षांच्या मायकेल मूररला आडवे केले. अखेर तरुणाने २०२४ चा नोव्हेंबर महिना पुढे केला: अठ्ठावन्न वर्षांचा टायसन, सत्तावीस वर्षांचा जेक पॉल, आणि पंचांचा एकमुखी निकाल पॉलच्या बाजूने. यावर महसुली अधिकाऱ्यांनी जे उत्तर दिले, ते कोणत्याही उच्च न्यायालयास शोभले असते. "आठही फेऱ्या झाल्या. टायसन पडला काय? नाही पडला. मग हरला कसा? चितपट झाल्याशिवाय निकाल आमच्याकडे धरत नाहीत!"

या वादाचे दीर्घकाळ श्रवण केल्यावर माझ्या असे ध्यानात आले आहे, की निकाल पहिलवानांच्या वयावर अवलंबून नसून तो सांगणाऱ्याच्या वयावर अवलंबून असतो. ज्याचे लग्न ठरावयाचे आहे तो आंदळकरांचा. ज्याच्या घरी जावई येऊन गेला तो गामाचा. आणि ज्याने नुकताच केसांना कलप लावावयास आरंभ केला आहे, तो काही काळ तटस्थ राहून दोघांच्याही खुराकाची प्रशंसा करतो. ज्यांना मांडी घालून बसल्यावर उठण्यास भिंतीचा आधार लागतो, अशी माणसे गामाच्या हजारो बैठकांचा हवाला ज्या आत्मीयतेने देतात, ती पाहून ऐकणाऱ्यास वाटावे, की त्यांतल्या निम्म्या यांनीच काढल्या असाव्यात.

आंदळकरांची बाजू दुबळी आहे असे मुळीच नाही. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सर्वांत वजनदार गटात ग्रीको-रोमनचे सुवर्ण आणि फ्रीस्टाइलचे रौप्य घेऊन आलेला हा मल्ल, कोल्हापूरच्या लाल मातीत मुरलेला आणि मॅटवरही न बिचकणारा. म्हणूनच कुस्ती मातीवर की मॅटवर, ही प्राथमिक हरकत तरुणाने अलीकडे नोंदवली असून तिच्यावर युक्तिवाद चालू आहे.

माझ्यापुरता मी फैसला करून टाकला आहे. सलामी झडून खडाखडी सुरू होताच पहिल्या मिनिटात डाव बसला तर गामा, कारण विद्या पन्नाशीतही शाबूत असते. मिनिट टळले तर आंदळकर, कारण दम तेवढी मुदत देत नाही. आमच्या घरी यंदा जावई येणार आहे, त्यामुळे ते पहिले मिनिट मला दिवसेंदिवस अधिक लांब भासू लागले आहे, हे मान्य. तरीही या निकालावर मी कोणाशीही शंभर रुपयांची पैज मारावयास तयार आहे, अट एवढीच, की हरणाऱ्याने रक्कम कुस्ती संपल्यावर, रीतसर पावती घेऊन, अदा करावी.