स्टेपनीवाले भाऊ

बुलढाणा जिल्ह्यात तालुके १३, आणि स्टेपनीवाले भाऊ तालुक्यागणिक निदान एक. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, घरी कोरडवाहू शेती, जोडीला कृषी केंद्र नाहीतर थोडीफार ठेकेदारी, आणि दारात एमएच २८ पासिंगची काळी थार. गाडी पाहायला आलेल्या माणसाला भाऊ पुढे उभं राहू देत नाहीत. हाताला धरून थेट मागे नेतात. "तोंड काय, साऱ्या थारचं सारखंच. पाठ पाहा, पाठ!"

पाठीवर लोखंडी दांडा आणि दांड्यावर भलंथोरलं चाक. याला कॅरिअर म्हणायचं. स्टँड म्हटलेलं भाऊंना चालत नाही. स्टँड सायकलीला असतो.

वास्तविक कंपनीने मागच्या दारावर स्टेपनी दिलेलीच असते आणि ती कोणाला खुपत नाही. भाऊंना आधी टायर खुपले. ते त्यांना कोवळे वाटले, म्हणून ३३ इंची दातेरी टायर आले. चार तसले घातल्यावर पाचवा कोवळा कसा ठेवणार? तोही बदलला. आता हे वाढीव वजन दारावर टांगलं, की प्रत्येक खड्ड्यात बिजागऱ्यांना हिसका बसतो. दार हळूहळू खाली उतरतं, लॉक जुळत नाही, खडखड सुरू होते. इलाज एकच, वजन दारावरून काढून चासीवर द्यायचं. त्यासाठी मागे लोखंडी बंपर चासीला आवळायचा, बंपरच्या कोपऱ्यात उभी पिन आणि बेअरिंग, पिनेवर फिरणारा दांडा, त्याच्यावर चाक. शास्त्र बिनचूक आहे. भाऊंचं शास्त्र कधीच चुकत नाही, फक्त त्याचं बिल येतं.

'नट-बोल्टवर बसतो, काही कापायचं काम नाही' या बोलीवर कॅरिअर ट्रान्सपोर्टने येतो आणि चिखली रोडच्या एखाद्या वेल्डिंगवाल्याकडे उतरतो. हा कारागीर एरवी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधतो, डवरे-वखर नीट करतो. तो भोकं जुळवून पाहतो. सहापैकी दोन जुळतात.

"भाऊ, हे कोन्या गाडीचं हाये?"

"थारचंच हाये."

"मंग गाडी कोन्ती हाये?"

मग ड्रिल निघतं, ग्राइंडर निघतो, चहा निघतो. गाडी उघडी पडली की माणसं कुठून गोळा होतात, देव जाणे. त्यांच्यासमोर भाऊ मोहिमेचा आराखडा मांडतात. अंबाबरवा, ज्ञानगंगा, बोथ्याचा घाट, लोणार. लोणारच्या विवरात पायीच उतरावं लागतं ही अडचण कोणीतरी काढतं, पण भाऊ ती किरकोळीत काढतात. जंगलाचं महत्त्व पटवायला ते वाघाची गोष्ट सांगतात. ती खरी आहे. २०१९ साली एक जवान वाघ टिपेश्वरहून निघाला आणि तेराशे किलोमीटर चालून डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला. सगळे थक्क होतात. वेल्डिंगवाला चष्मा वर सारून विचारतो, "त्याच्यापाशी स्टेपनी होती काय?"

कॅरिअर बसला की नवी कामं जन्माला येतात. चाकाने वरचा ब्रेकलाइट झाकला, म्हणून चाकाच्या मध्यभागी नवा लाल एलईडी. रिव्हर्स कॅमेऱ्याला चाकाखेरीज काही दिसेना, म्हणून कॅमेऱ्याचं स्थलांतर. नंबरप्लेटचा प्रश्न त्याहून बिकट, कारण हाय सिक्युरिटी प्लेटचं लॉक तोडल्याशिवाय निघत नाही. गाडीच्या मूळ तपशिलात फेरफार करायचा नाही, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं. २०१७च्या डिसेंबरात केंद्राने बुलबारवर कारवाई करायला राज्यांना कळवलं, तेव्हा भाऊंनी आधीच्या बोलेरोचा पुढचा गार्ड निमूटपणे उतरवला होता. आता विचारलं तर म्हणतात, "ते पुढचं होतं. हे मांगं हाये."

२०२० साली सरकारने आणखी एक गोष्ट सांगितली. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असलं, की मोटारीत स्टेपनी ठेवायची सक्ती नाही. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला नवी थार बाजारात आली. भाऊंनी दोन्ही बातम्या वाचल्या आणि एकच मनावर घेतली.

या सगळ्याचा उपभोग मात्र वहिनी घेतात. खामगावच्या बाजारात दोन्ही हातांत पिशव्या घेऊन त्या गाडीमागे उभ्या असतात. आधी कुलूप, मग खटका, मग दांडा ओढून बाजूला, मग काच वर, मग दार. गाडी भिंतीला पाठ लावून उभी असेल तर हे सारं करण्याआधी गाडी पुढे घ्यायची. एवढ्या सोपस्काराने आत जाते मेथीची जुडी. "अहो, सिंदखेडराजाच्या वाड्याचा दरवाजाही याच्यापेक्षा लवकर उघडत असन," असं वहिनी म्हणतात. भाऊंना ती तारीफ वाटते.

आणि एकदाचं पंक्चर होतं. जंगलात नव्हे, राजूर घाट उतरून मोताळ्याकडे जाताना, गुळगुळीत डांबरावर. गाडीतले सगळे उत्साहाने खाली उतरतात. ज्या क्षणासाठी एवढं लोखंड वाहिलं तो हाच! भाऊ चाकाभोवती फिरतात, कपड्याने धूळ टिपतात आणि सीटखालून पंक्चरचं किट काढतात.

"भाऊ, स्टेपनी?"

"पागल झाले काय? नवी हाये ते!"

चार चाकं झिजतात ती पाचव्याला काही होऊ नये म्हणून, हे तेव्हा ध्यानात येतं.

भाऊंना हसणं सोपं आहे, पण ही खोड त्यांनी विकत आणलेली नाही. ती वडिलोपार्जित आहे. कोरडवाहू शेतीत एका भरवशावर कोणी राहत नाही. सोयाबीनमध्ये तुरीचं तास घालायचं. पावसाने दगा दिला तर निदान तूर उभी राहते. पेरणी उलटली तर दुबार पेरणीला बियाण्याची एखादी बॅग जास्तीची हवी. इथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या स्टेपनी घेऊनच वावरात उतरला आहे. भाऊंनी ती बंपरवर आणली, एवढंच.

हा विचार मी मोठ्या कौतुकाने त्यांच्या वडिलांना ऐकवला. म्हातारबा ओट्यावर बसून गाडीकडे पाहत होते. मागे लाल एलईडी लुकलुकत होता.

"खरं हाये बाप्पा," ते म्हणाले, "जास्तीची बॅग आमी बी ठेवतो. पन तिले कोनी लायटिंग करत नाई."