वेगवान वीर, खोक्यात स्थिर

2017 ची दिवाळी संपली आणि मराठी मुलुखात वेगाला एकदम बरे दिवस आले. 27 ऑक्टोबरला अमेय वाघचा ‘फास्टर फेणे’ थेटरात लागला आणि बरोबर तीन आठवड्यांनी, 17 नोव्हेंबरला, ‘जस्टिस लीग’मधून एझ्रा मिलरचा फ्लॅश धावत आला. एक फुरसुंगीचा, दुसरा सेंट्रल सिटीचा. एकाचं वाहन सायकल. दुसऱ्याला वाहन लागतच नाही, कारण तो प्रकाशालाही मागं टाकतो म्हणे. यातला कोण सातारा-सांगलीच्या शोकेसमध्ये जाऊन बसला, हे सांगायला ज्योतिषी नको.

ज्येष्ठ वाचकांसाठी थोडी ओळख करून देतो. फ्लॅश हा अमेरिकन कॉमिक्समधला लाल कपड्यांतला माणूस. पहिला फ्लॅश 1940 सालचा, नाव जे गॅरिक. आज जो सगळ्यांना माहीत आहे तो बॅरी ॲलन 1956 मध्ये आला. पोलिसांच्या प्रयोगशाळेत नोकरी, म्हणजे पक्का सरकारी माणूस. आणि त्याची ख्याती काय, तर साहेब ऑफिसला कायम उशिरा पोचतात. इथवर त्याची गोष्ट आपल्याला परकी वाटायचं काहीच कारण नाही. पुढं मात्र ती बिघडते. एके रात्री प्रयोगशाळेवर वीज पडते, रसायनं अंगावर सांडतात आणि हा कर्मचारी वेगानं काम करू लागतो. एवढी कल्पनाशक्ती फक्त अमेरिकेलाच परवडते. आमच्याकडे विजेची अडचण वेगळी. शेतीपंपाला ती रात्री येते, आणि तेव्हा धावतो तो शेतकरी.

2023 च्या जूनमध्ये या फ्लॅशचा स्वतःचा चित्रपट आला. जगातला सर्वांत वेगवान माणूस सुरुवातीलाच काय करत असतो, तर हॉटेलात सँडविचची वाट बघत उभा असतो. कराडच्या स्टँडवर मिसळीची ऑर्डर देऊन बसलेल्या कोणालाही हा प्रसंग आपला वाटेल. मग एका कोसळणाऱ्या इस्पितळातून तान्ही बाळं खाली पडू लागतात. हा वीर आधी खायला शोधतो, कारण धावून धावून त्याचा जठराग्नी पेटलेला. पोट भरल्यावर तो बाळं झेलतो आणि त्यातलं एक मायक्रोवेव्हमध्ये ठेवून वाचवतो. सातारी कंदी पेढ्याचा एक पुडा त्याच्या खिशात असता तर हा सगळा प्रसंग अर्ध्या वेळात आटोपला असता, आणि बाळंतविड्याचाही प्रश्न मिटला असता.

मुख्य कथा अशी की आईचा खून टाळावा म्हणून तो उलटा धावत भूतकाळात जातो. भूतकाळात जाण्याचं साताऱ्याला फारसं अप्रूप नाही. पेन्शनरांचं गाव म्हणून प्रसिद्ध असलेल्या या शहरात संध्याकाळच्या बाकांवर दुसरं चालतंच काय? फरक एवढाच की बाकावरचे लोक भूतकाळातून जेवायच्या वेळेला परत येतात. फ्लॅश परत येतो तेव्हा मात्र जगाचा खेळखंडोबा झालेला असतो आणि बॅटमॅन बदललेला असतो. या चित्रपटाला खर्च 20 कोटी डॉलरच्या घरात, जगभरातली तिकीटविक्री 27 कोटींच्या आसपास, आणि तरी हिशेब तोट्याचा. कारण गल्ल्यातला मोठा वाटा थेटरवाल्यांचा आणि जाहिरातीचा खर्च वेगळा. उलाढाल वाढत जाते आणि तोटाही वाढत जातो, हे गणित कृष्णाकाठच्या ऊसवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. तो दर वर्षी साखर कारखान्याचा सभासद म्हणून अशाच हिशेबाला हात वर करून मंजुरी देतो.

चित्रपट पडला, पण बाहुला चालला. आमचा खरा विषय हाच आहे.

सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या सदर बझारात आता असा एक तरुण सापडतोच, ज्याच्या खोलीत काचेचं कपाट असतं आणि कपाटात फ्लॅश असतो. एक नाही, अनेक. मोठ्या डोक्याचा छोटा फ्लॅश, गुडघा वाकवून पळण्याच्या बेतात असलेला फ्लॅश, बोटात घालायची त्याची अंगठी. मूळ कॉमिक्समध्ये या अंगठीतून त्याचा सगळा पोशाख बाहेर उसळतो. बाजारातल्या अंगठीतून फक्त बिल बाहेर येतं. आणि हे सगळे फ्लॅश ज्या खोक्यातून आले त्याच खोक्यात बसलेले, पारदर्शक खिडकीतून बाहेर बघत. खोकं उघडायचं नाही, कारण उघडलं की भाव उतरला. खोक्याचा कोपरा चेपला तरी उतरला. म्हणजे खरेदी खोक्याची झाली आणि फ्लॅश त्यात फुकट आला, असं म्हणायला हरकत नाही.

घरातल्या आईला हा व्यवहार पटत नाही.

“अरे, खेळणं हाय न्हवं? मग खेळ की.”

“आई, ते खेळायचं नसतंय.”

“मग कशाला आणलंस?”

“ठेवायला.”

आई यावर गप्प बसते. तिच्या स्वतःच्या कपाटात लग्नातला सव्वीस भांड्यांचा सेट, कुणी कधीही न वापरलेला, मूळ कागदात गुंडाळून ठेवलेला असतो. संग्राहकाचं रक्त कुठून आलं, याचा शोध घ्यायला प्रयोगशाळेची गरज नाही.

जुन्या कॉमिक्सचं शास्त्र याच्याही पुढचं. अमेरिकेत दहा सेंटला विकलेला अंक आज तज्ज्ञांकडे पाठवतात. ते तो भिंगातून तपासतात, दहापैकी गुण देतात आणि जाड प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद करून परत धाडतात. त्यानंतर तो अंक वाचता येत नाही. वाचायचा तर पेटी फोडावी लागते, आणि पेटी फोडली की गुण गेले. पुस्तकाला कुणी हात लावला नाही तरच त्याला किंमत, हे तत्त्व मराठी साहित्यव्यवहाराच्या लक्षात वेळेवर आलं असतं तर आपण आज केवढे श्रीमंत असतो! अजिबात न उघडलेल्या मराठी पुस्तकांचा आपल्याकडचा साठा जगाला पुरून उरावा इतका आहे. कवितासंग्रह तर सगळे दहापैकी दहाचे.

प्लास्टिकच्या पेटीचा एक उपयोग मात्र आम्ही मान्य करतो. 2019 च्या महापुरात कृष्णा सांगलीत शिरली तेव्हा तिथल्या जुन्या वाचनालयाची हजारो पुस्तकं पाण्यात गेली. लगदा झालेल्या त्या पानांवर कोणी गुण देत बसलं नाही. वरच्या मजल्यावर चढवायचं कोणाला, माणसांना की पुस्तकांना, असा प्रश्न ज्या गावाला पडतो त्याला संग्रह करणं म्हणजे काय हे अमेरिकेनं शिकवू नये.

आता आपल्या फेणेकडे वळू. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे हा कॉमिक्समधला नव्हे, कादंबऱ्यांतला वीर. त्याच्यावर वीज पडली नाही, रसायन सांडलं नाही. किडकिडीत अंग, सायकल, नको तिथं नाक खुपसायची खोड आणि टाळ्याला जीभ लावून काढलेला ‘ट्टॉक’ असा आवाज, एवढ्या भांडवलावर त्यानं वीस पुस्तकं धावून काढली. काश्मीरला गेला, विमानचोरांना भिडला, चक्रीवादळात सापडला. साताऱ्यावर त्याचा विशेष लोभ, कारण ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ हे अख्खं पुस्तक आमच्या जिल्ह्याच्या नावावर आहे. तेव्हा प्रतापगडाच्या वाटेवर रविवारची मोटारींची रांग नव्हती. आज तो सायकलवरून आला तर खरोखरच सर्वांत वेगवान ठरेल, कारण आंबेनळी घाटात सुट्टीच्या दिवशी सायकलच तेवढी पुढं सरकते.

दूरदर्शनवर 1987 मध्ये सुमीत राघवन फेणे झाला. पुढं तीस वर्षांनी आदित्य सरपोतदार यांनी त्याला चित्रपटात आणलं तेव्हा पोरगा मोठा झालेला, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला पुण्यात आलेला. म्हणजे मराठी वीर कितीही वेगवान असो, प्रवेशपरीक्षेतून सुटका नाही. दिलीप प्रभावळकरांनी त्यात खुद्द भा. रां.ची भूमिका केली. चित्रपट लागला ती 27 ऑक्टोबर ही भा. रां.ची पुण्यतिथी, 2001 मध्ये त्याच तारखेला ते गेले. अमेरिकन वीराच्या लेखकाला पडद्यावर एवढा मान मिळायचा तर तो बहुधा गर्दीतला एखादा म्हातारा म्हणून मिळतो. इथं लेखक कथेतच राहायला आला. हा चित्रपट आम्हाला फ्लॅशपेक्षा आवडला, आणि हे मत देशप्रेमातून आलेलं नाही. फेणेला धावायला कारण होतं. फ्लॅशला फक्त वेग होता.

पण फेणेचा बाहुला? नाही. खिडकीचं खोकं? नाही. सायकलवर बसलेला, कळ दाबली की ‘ट्टॉक’ करणारा छोटा फेणे काढावा, असं आजवर कोणाही उद्योजकाला वाटल्याचं आमच्या ऐकिवात नाही. आणि जुनी पुस्तकं म्हणाल, तर ती तज्ज्ञांच्या भिंगाखाली गेली की तज्ज्ञच आजारी पडायचे. तालुक्याच्या वाचनालयातली फेणेची प्रत कशी असते? मुखपृष्ठ गेलेलं, पुठ्ठा बांधणीवाल्यानं खाकी लावलेला. पहिली चार पानं नाहीत, त्यामुळं भानगड कशी सुरू झाली ते कळत नाही. शेवटची दोन नाहीत, म्हणून चोर कोण तेही नाही. मध्ये कुणीतरी पेन्सिलीनं ‘पुढं लई भारी हाय’ असं लिहिलेलं, आणि बरोब्बर चित्राच्या तोंडावर वाचनालयाचा गोल शिक्का. दहापैकी शून्य गुण, आणि तो शून्यसुद्धा शिक्क्याच्या शाईनं भरलेला.

‘इंद्रजाल’ कॉमिक्सच्या मराठी अंकांचंही तेच झालं. 1964 पासून निघालेले वेताळाचे हे अंक एका वाड्यातल्या दहा पोरांनी वाचले, मग आत्याच्या गावी गेले, मग रद्दीत, मग भडंगाच्या पुड्यात. आज त्यातला एखादा शाबूत अंक शोधत लोक रद्दीवाल्यांच्या पायऱ्या झिजवतात. रद्दीवालाही आता हुशार झाला आहे. वेताळ म्हटलं की तो वजनकाटा बाजूला सारतो आणि फोन काढतो.

आता खऱ्या हाडामांसाच्या वेगाबद्दल. माण तालुका, मोही गाव, जिल्हा सातारा. इथल्या ललिता बाबरनं 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी भारतीय बाई ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचली होती आणि दहावी आली. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या तालुक्यातली पोरगी पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारत जगासमोर धावली, हे कुठल्या कॉमिक्सवाल्याला सुचलं असतं? लोकांनी तिला ‘माणदेशी एक्स्प्रेस’ म्हटलं. सरकारनं पुढं तिला महसूल खात्यात अधिकारी केलं. त्या खात्याचा फायलींचा वेग ठाऊक असलेल्यांनी या नेमणुकीचं धाडस ओळखलं असेल. तिच्यावर चित्रपट काढण्याची घोषणाही 2022 मध्ये झाली. घोषणांच्या बाबतीत आपण फ्लॅशला ऐकत नाही. पण दहिवडीच्या बाजारात चौकशी करून पाहा. लाल फ्लॅश मिळेल, निळा सुपरमॅन मिळेल, माणदेशी एक्स्प्रेस मिळणार नाही.

या भागात वेगावर जीव टाकणारी दुसरी जमात म्हणजे बैलगाडा शर्यतवाले. सर्वोच्च न्यायालयाची 2014 ची बंदी डिसेंबर 2021 मध्ये सैल झाली, मे 2023 च्या निकालानं शर्यतींचा मार्ग पक्का झाला, आणि सांगली जिल्ह्यात बक्षिसाला थार गाडी लागू लागली. खिलार बैलाचे फलक लागतात, वाढदिवस होतात, रील निघतात, किंमत लाखांत बोलली जाते. कोवळ्या ‘आदत’ बैलानं गटाची फेरी जिंकली की मालक आनंदानं रडतो, सेमीफायनलमध्ये गाडी हुकली की गाव जेवत नाही. या संग्राहकांशी आमची काही भांडणं आहेत. बैलाच्या पाठीवर वळ उठवून मिळवलेला वेग आम्हाला नको, आणि न्यायालयातही वाद त्याचाच होता. तरी एक गोष्ट कबूल करावी लागेल. यांचा वीर खोक्यात मावत नाही. त्याला रोज उडदाचा भरडा, दूध, अंडी द्यावी लागतात, शेण काढावं लागतं, आणि तो खरोखर पळतो. उलट, पहिला आलेला बैल दारात आणि बक्षिसाची थार ताडपत्रीखाली, असंही दृश्य दिसतं. संग्राहक शेवटी संग्राहकच.

माणसांचंही वेगळं नाही. यवतेश्वरच्या घाटात दर वर्षी सातारा हिल मॅरेथॉन होते. तिथं हजारो माणसं स्वतःच्या पायांनी एकवीस किलोमीटर धावतात, घरी जाऊन पदक खिळ्याला टांगतात आणि सोमवारी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात स्कूटर काढून जातात.

असो. आमचं मागणं साधं आहे. फ्लॅशवाल्यांनी त्यांचे फ्लॅश सुखानं सांभाळावेत. निदान पूर आला की आधी काय उचलायचं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मात्र ज्यांच्या माळ्यावर जुना फास्टर फेणे पडला असेल, त्यांनी तो प्लास्टिकमध्ये घालून भाव वाढायची वाट बघू नये. शेजारच्या पोराला वाचायला द्यावा. परत येणार नाही, हे गृहीत धरूनच द्यावा.