परकायाप्रवेश

काही वस्तू मोडत नाहीत, नुसत्या बिनकामाच्या होतात. आणि मोडलेल्या वस्तूपेक्षा त्यांचं करायचं काय, हा प्रश्न फार अवघड. मोडकी वस्तू निदान भंगारवाल्याच्या तराजूत जाऊन बसते. धडधाकट वस्तू खणात पडून आपल्याकडे अशा काही नजरेनं बघते, की खण हळूच लोटून द्यावा. माझ्या खणातला टीपी-लिंकचा टीएल-एमआर३०४० हा त्यांतला. हा राउटर प्रवासी म्हणूनच जन्माला आला. तळहातावर मावेल एवढा, पोटात २००० एमएएचची बॅटरी, लॅनची वायर लावायला एकच जागा आणि एक यूएसबी. त्या यूएसबीत डोंगल खोचायचं, की लॉजच्या खोलीत चौघांना पुरेल एवढं वायफाय व्हायचं. त्या काळी तो बॅगेतून काढून टेबलावर ठेवला की आजूबाजूचे लोक जरा आदरानं बोलत. पुढे ज्याच्या त्याच्या खिशातला फोनच हॉटस्पॉट झाला आणि याचं फिरणं थांबलं. बॅटरी फुगली असती तर ई-कचऱ्यात देऊन मोकळा झालो असतो. पण ती सपाट आणि समंजस. दम तेवढा कमी झालेला.

असल्या निवृत्त यंत्रांची काळजी वाहणारं सॉफ्टवेअर म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी. २००२च्या अखेरीस लिंक्सिसनं डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा, दोन अँटेनांचा राउटर बाजारात आणला. पुढच्याच वर्षी जाणकारांच्या ध्यानात आलं, की याच्या पोटात लिनक्स आहे, आणि लिनक्सला जीपीएल हा परवाना लागू. त्याची अट साधी: घ्या, वापरा, हवं तसं बदला, पण पुढे ज्याला द्याल त्याला मूळ कोडही द्या. कंपनीला कोड खुला करावा लागला, आणि २००४च्या जानेवारीत त्याच्या आधारानं ओपनडब्ल्यूआरटीचं काम सुरू झालं. ते मॉडेल आता वस्तुसंग्रहालयात शोभेल. पण पणजोबांचं नाव पणतूला ठेवावं तशी त्याची अक्षरं या प्रकल्पाच्या नावात टिकली आहेत, आणि पणतू भलभलत्या घराण्यांच्या यंत्रांत सुखानं नांदतो आहे.

सुरुवातीची मंडळी रसिक असावीत. त्यांनी आवृत्त्यांना कॉकटेलची नावं दिली: व्हाइट रशियन, कामिकाझे, बॅकफायर. एवढ्यावर भागलं नाही. राउटरमध्ये लॉगिन केलं, की काळ्या पडद्यावर त्या पेयाची कृतीही उमटे. व्होडका किती, क्रीम किती. कोकम सरबतापलीकडे न गेलेल्या आमच्या घरात या पाककृती कुणी वाचणार, याची त्यांना कल्पना नसावी. २०१६मध्ये त्यांच्यात फाटाफूट झाली, २०१८च्या जानेवारीत मंडळी पुन्हा एकत्र आली, आणि त्यानंतर आवृत्त्यांना राहिले ते नुसते आकडे. १९.०७ म्हणजे २०१९ सालचा जुलै. ती प्रत्यक्ष बाहेर पडली मात्र २०२०च्या जानेवारीत. समेट झालेल्या घरात सगळे जरा जपूनच बोलतात, तसं काहीसं झालं असेल.

माझ्या राउटरला चालणारी शेवटची मालिका हीच. फाइल उतरवून घेतली. तिच्यासोबत चौसष्ट अक्षरांचा एक ठसा येतो. आपल्याकडे आलेल्या फाइलचा ठसा त्याच्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. हे ताडून पाहायला संगणकाला क्षण पुरतो. पण मी ती अक्षरं मोठ्यानं वाचत गेलो आणि हिनं चष्मा सावरून पडद्यावरची बघत “हं” म्हणत जायचं, असं ठरलं. “अहो, सात की एक? नीट बोला.” पुढे एकदा “एफ पुन्हा एफ? दोनदा?” पत्रिका जुळवतानासुद्धा आमच्या वडीलधाऱ्यांनी एवढी बारकाई केली नव्हती. शेवटचं अक्षर जुळलं तेव्हा ती म्हणाली, “चला, छत्तीस गुण,” आणि भाजीकडे वळली.

मग १९२.१६८.०.१ हा पत्ता, अॅडमिन नाव, अॅडमिनच पासवर्ड, आणि फर्मवेअर बदलण्याचं पान. बटण दाबलं, की पडद्यावर एक पट्टी सरकू लागते आणि ‘वीज बंद करू नका’ अशी तंबी येते. मला शंकराचार्यांची दंतकथा आठवली. ते अमरु राजाच्या मृत देहात शिरले, तेव्हा गुहेत ठेवलेला त्यांचा स्वतःचा देह शिष्य राखत बसले होते. माझी भूमिका त्या शिष्यांची. पट्टी निम्म्यावर असताना वीज गेली, तर जुना आत्मा निघून गेलेला आणि नवा पुरता न शिरलेला, असा एक ठोकळा हाती राहतो. इतर राउटरवाले या वेळी पंख्याकडे बघत देवाचं नाव घेतात. माझ्या राउटरची पुण्याई अशी, की त्याचा दिवा त्याच्याच पोटात. थकलेल्या बॅटरीला उभ्या आयुष्यात याहून मोठं काम कुणी सांगितलं नसेल.

नवा जीव आला तो अगदी अबोल. वायफाय बंद, वायर लावून १९२.१६८.१.१ला हाक मारावी तेव्हा दार उघडतं, आणि मुख्य खात्याला पासवर्डच नाही. पण देह जुनाच. साठवणीला अवघे ४ एमबी, स्मरणाला ३२. आज फोननं दाराच्या तोरणाचा एक फोटो काढला, तरी तो या घरात मावणार नाही. ओपनडब्ल्यूआरटीवाले स्वतःच सांगतात, की एवढ्याशा जागेत आता आमचा संसार होत नाही. २०२२ साली त्यांनी १९.०७ची देखभालही थांबवली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्याची डागडुजी बंद झाली, त्याला इंटरनेटच्या चव्हाट्यावर उभं करू नये. तेव्हा याला इंटरनेट द्यायचंच नाही, असं ठरवलं. नको असलेलं सामान वगळून फर्मवेअर नव्यानं बांधलं. मोडेमची जोडणी उतरली, आयपीव्ही ६ उतरलं, बटणांची देखणी पानंसुद्धा उतरली, तेव्हा कुठे पेनड्राइव्ह ओळखण्यापुरती आणि पानं वाढण्यापुरती जागा झाली. पेनड्राइव्हवर पुस्तकं भरली. हरिभाऊ आपटे आणि गडकरी दोघंही १९१९ साली गेले. त्यांच्या लेखनावरचे हक्क कधीच संपले, म्हणजे तेही आता खुल्या कोडातलेच. नेटवर्कला नाव दिलं ‘वाचनालय’.

कोकण रेल्वेनं जाताना तो खिडकीशी ठेवला होता. करबुडेच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात गाडी शिरली आणि डब्यातल्या सगळ्या फोनांची रेंज एकदम गेली. समोरचा शाळकरी मुलगा वैतागून फोन चाळत होता. म्हणाला, “काका, वाचनालय तुमचं का? फुल दाखवतंय, पण नेट नाही.”

“नाहीच त्यात नेट. मी सांगतो तो पत्ता टाक.”

त्यानं टाकला. त्याचा चेहरा पडला. “पुस्तकं आहेत नुसती.”

शेजारच्या आजींनी कान टवकारले. “गडकऱ्यांचा बाळकराम आहे का रे, बघ. ठकीच्या लग्नाचं काहीतरी.” होता. नातू अडखळत वाचू लागला. मोठं वाक्य आलं, की मध्येच श्वास घ्यायला थांबायचा, आणि आजी डोळे मिटून पुढचा शब्द आधीच पुटपुटायच्या. ठकीला वर मिळायच्या आतच खिडकीत उजेड आला, फोन टुणटुण वाजू लागला, आणि पोरगं आपल्या रील्समध्ये परत गेलं.

आजी थोडा वेळ बाहेर बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पुढचा मोठा बोगदा कधी लागतो हो?”

“रत्नागिरी सोडली की टिक्याचा. चार किलोमीटर आहे.”

“चारच?” त्या म्हणाल्या, आणि नातवाला कोपरानं ढोसलं. “तेव्हा जरा भरभर वाच.”